व्हिडिओ गेममधील अफवा

व्हिडिओ गेममधील अफवा : गेममध्ये नसलेले पात्र, शस्त्र किंवा गुप्त जागा त्यात आहे, असा खेळाडूंनी पसरवलेला समज. बनावट चित्रे, चाहत्यांनी केलेले मोड (गेममधील फेरफार) आणि ऐकीव गोष्टी ही त्याची साधने. ‘जीटीए : सॅन अँड्रियास’ (२००४) या गेममधील माउंट चिलियाडच्या जंगलात बिगफूट हा केसाळ वनमानव राहतो, ही अफवा जगभर गाजली. तेथे मोडक्या गाड्या चालकाविना उतारावरून घरंगळत येत, तेही गूढ वाटे. गेमच त्या गाड्या उतारावर ठेवी, एवढेच त्यामागचे कारण. पुढे ‘जीटीए ५’मध्ये (२०१३) निर्मात्यांनी बिगफूटला खरोखर स्थान दिले.

अफवा गेममधील गोष्टींपुरत्या राहत नाहीत, गेमविषयीही पसरतात; महाराष्ट्रात २०१७ साली अशा अफवेचे भयावह रूप दिसले. मुंबईत अंधेरीतील एका मुलाच्या मृत्यूचा संबंध ‘ब्लू व्हेल’ या मुलांना आत्महत्येकडे नेणाऱ्या कथित गेमशी जोडला गेला आणि घरोघरी मुलांचे मोबाइल तपासले जाऊ लागले. वास्तविक मोबाइलवर उतरवून घेता येईल असा हा गेमच नव्हता. देशातील अशा घटनांशी त्याचा संबंध सिद्ध झाला नाही, असे केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये संसदेत सांगितले. बिगफूटच्या अफवेने खेळाडूंचे कुतूहल वाढवले. ‘ब्लू व्हेल’च्या अफवेने मात्र मुलांच्या खऱ्या दुःखावरून पालकांचे लक्ष हटवले.