राजकारणाची उमेदवारी : भारत सेवक समाजाचा प्रयोग

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास पुस्तकाबाहेरचे राजकारण कोठे व कोणाच्या हाताखाली शिकवावे, हा प्रश्न जुनाच आहे. नामदार गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा नव्या सदस्यास सात शपथा व पाच वर्षांची उमेदवारी घालून दिली. ग्रंथालयातील अभ्यासास देशपर्यटनाची जोड होती. निर्वाहापुरते वेतन संस्था देई. त्यामुळे घरची श्रीमंती ही प्रवेशाची अट राहिली नाही. आजच्या बिनवेतनी उमेदवारीशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

खरे शिक्षण मात्र कामावरच झाले. देवधर संयुक्त प्रांतातील १९०७-०८ च्या दुष्काळात मदतकार्यास गेले. ना. म. जोशी १९०९ मध्ये समाजात आले. १९११ त त्यांनी मुंबईस सोशल सर्व्हिस लीग काढली आणि पुढे ते कामगार चळवळीत शिरले.

तथापि या शिस्तीत स्वतंत्र बुद्धीस कितपत वाव होता, अशी शंका येते. १९१५ मध्ये गोखल्यांनी गांधीजींस वर्षभर देश पाहण्याचा व सार्वजनिक प्रश्नांवर न बोलण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी पाळला. परंतु त्याच फेब्रुवारीत गोखले निवर्तले, आणि सदस्यांतील मतभेद पाहून गांधीजींनी प्रवेशाचा अर्ज मागे घेतला.

१९३० साली समाजाच्याच आश्रयाने गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था निघाली. तेथे धनंजयराव गाडगीळांनी प्रत्यक्ष पाहणीस मोठे स्थान दिले. शपथ मात्र कोणा विद्यार्थ्यास घ्यावी लागली नाही.