ज्यू धर्मातील सदाचार व ईश्वरश्रद्धा

ज्यू धर्मातील सदाचार व ईश्वरश्रद्धा : मनुष्याचे चांगुलपण त्याच्या कृतीवरून ठरते, की ईश्वराविषयीच्या त्याच्या यथार्थ ज्ञानावरून, हा ज्यू धर्मविचारातील एक जुना व विवाद्य प्रश्न. तोराहमध्ये आज्ञा विपुल आहेत. परंतु श्रद्धेची सूत्रबद्ध कलमे नाहीत. ती प्रथम काटेकोरपणे मांडली ती मोझेस मायमॉनिडीझ (सु. ११३८–१२०४) याने. ११६८ मध्ये पूर्ण केलेल्या मिश्नाभाष्यात त्याने तेरा तत्त्वे सांगितली. वासनेपोटी पाप करणारा ज्यू ज्यूच राहतो. यांतील एखादे तत्त्व नाकारणारा मात्र समाजाबाहेर पडतो, असा त्याचा दंडक होता. ईश्वराला शरीर आहे असे मानणारासही त्याने पाखंडी ठरविले. यावर फ्रान्समधील पॉस्क्येरचा अब्राहम बेन डेव्हिड (मृ. ११९८) याने परखड आक्षेप घेतला : मायमॉनिडीझहून थोर व सज्जन माणसांनी धर्मवचनांचा शब्दशः अर्थ घेऊन तसे मानले आहे, त्यांना पाखंडी का म्हणावे? ईश्वर सशरीर आहे असे या टीकाकाराचे म्हणणे नव्हते. चुकीच्या समजुतीमुळे सज्जनाचे सज्जनपण नष्ट होत नाही, एवढाच त्याचा मुद्दा होता आणि तो आजही दुर्लक्षिता येत नाही.

मायमॉनिडीझने ल्यूनेल येथील विद्वानांना लिहिलेल्या पत्रात भारतातील ज्यूंचाही उल्लेख आहे. त्यांना शब्बाथ व सुंता यांखेरीज तोराहचे काही ज्ञान नाही, असे तो म्हणतो. तरीही त्यांना ज्यूच म्हणतो. हे लोक म्हणजे कोकणातील बेने इझ्राएल, असे काही अभ्यासक मानतात. पण ते सिद्ध झालेले नाही.

ज्यूतरांसाठी तालमूदने नोहाच्या वंशजांचे सात नियम सांगितले आहेत : न्यायालयांची स्थापना, तसेच ईश्वरनिंदा, मूर्तिपूजा, व्यभिचार, मनुष्यवध, चोरी व जिवंत प्राण्याचा अवयव खाणे यांस मनाई. राष्ट्रांतील सदाचारी लोकांना परलोकात वाटा आहे, हे राब्बी जोशुआचे मत पुढे सर्वमान्य झाले. मिश्ने तोराह (सु. ११७८) या ग्रंथात मायमॉनिडीझने त्याला एक अट घातली. हे नियम ईश्वराने मोशेद्वारा प्रकट केले म्हणून पाळणारा तो पुण्यशील. केवळ बुद्धीच्या निर्णयाने पाळणारा पुण्यशील नव्हे, ‘आणि ज्ञानीही नव्हे’, असे छापील आवृत्त्यांत आढळते. हस्तलिखितांत मात्र ‘तर ज्ञानी होय’ असा पाठ आहे. हिब्रूत हा फरक एका अक्षराचा आहे.

या एका अक्षराने मोठा वाद उत्पन्न केला. स्पिनोझाने १६७० मधील आपल्या ग्रंथात पहिलाच पाठ उद्धृत करून या मतावर टीका केली. मोझेस मेंडेल्सझोन (१७२९–८६) यास तर ही अट असह्य वाटली. ज्यांच्या कानी मोशेचे नावही गेले नाही, त्यांचा केवळ त्यामुळे नाश व्हावा काय, अशा आशयाचे पत्र त्याने १७७३ मध्ये राब्बी जेकब एम्डेन यास लिहिले. एम्डेनने मायमॉनिडीझचीच बाजू घेतली. हस्तलिखितांतील पाठ अधिक विश्वसनीय मानला जातो आणि मायमॉनिडीझच्या बुद्धिनिष्ठ वृत्तीशीही तो जुळतो. परंतु त्याने प्रश्न अर्धाच सुटतो : बुद्धीने नीती जाणणारा ज्ञानी ठरतो, पुण्यशीलांची पंक्ती त्यास मिळत नाही.