बाळाला ‘हलू नकोस’ कोण सांगणार?

“डॉक्टर, आत बाळ हललं तर फोटो बिघडेल का हो?” एमआरआयच्या टेबलावर आडवी होताना सहा महिन्यांच्या एका गर्भवतीने मला विचारले. बाळाच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल सोनोग्राफीत नीट दिसला नव्हता. मी म्हटले, “हलू दे त्याला. ती काळजी मशिनची.” मंडळी, हे उत्तर आज सहज देता येते, पूर्वी तसे नव्हते.

पोटातल्या बाळाचे दर्शन घडवले ते सोनोग्राफीने. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. आजही पहिला मान तिचाच. पण गर्भजल कमी असले किंवा बाळाच्या कवटीचे हाड आड आले, की चित्र धूसर होते. चुंबकाला ही अडचण नाही, आणि त्यात क्ष-किरणही नाहीत. १९८३ मध्ये स्कॉटलंडमधल्याच ॲबरडीनच्या डॉक्टरांनी गर्भवतींची एमआरआय तपासणी प्रसिद्ध केली.

मात्र तेव्हा एकेका चित्राला मिनिटे लागत, आणि बाळ हलले की सारे पुसट. म्हणून आईला गुंगीचे औषध देत. १९८८ मध्ये तर फ्रान्समधल्या डॉक्टरांनी तपासणीपुरते बाळाचेच स्नायू औषधाने निश्चल केल्याची नोंद आहे. वाचताना अंगावर काटा येतो.

वाट निघाली ती उलट बाजूने. बाळाला थांबवण्याऐवजी यंत्रालाच पळवायचे! नॉटिंगहॅमचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७७ मध्येच अतिजलद चित्रणाची पद्धत मांडली होती. १९९० मध्ये ती गर्भातील बाळासाठी वापरल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच दशकात आणखी स्वच्छ चित्रे देणाऱ्या जलद पद्धती आल्या. एक चित्र साधारण सेकंदात! मॅन्सफिल्ड २००३ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

या वेगाने काय साधले? ब्रिटनमधल्या १६ केंद्रांच्या ‘मेरिडियन’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली आले. मेंदूत दोषाची शंका असलेल्या ५७० गर्भांत सोनोग्राफीचे निदान ६८ टक्के बरोबर ठरले, एमआरआयची जोड दिल्यावर ९३ टक्के. म्हणजे शंभरात सात वेळा चूक उरतेच. हे मी प्रत्येक आईबापांना सांगतो.

त्या मुलीच्या बाळाचा पूल अखंड होता. पुढच्याच आठवड्यात आलेल्या दुसरीला मात्र मला उलट सांगावे लागले. चित्र सेकंदात निघते. ते सांगायला मी अर्धा तास बसलो होतो.