बैठकीच्या पडद्याची वहिवाट

न्यूयॉर्कच्या एका बसस्थानकावर सुचलेली कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याने 1 सप्टेंबर 1966 रोजी चार पानांत लिहून काढली. घरोघरी असलेला दूरचित्रवाणी संच केवळ पाहण्यापुरता का राहावा, त्यावर खेळताही यावे, असा तिचा मथितार्थ होता. हा खेळ त्याने कल्पिला तो संचावरील एक वाहिनी म्हणून, म्हणजे जन्मतःच तो दुसऱ्याच्या वतनात हिस्सा मागत आला. या कल्पनेतून निघालेले ‘ओडिसी’ हे यंत्र सप्टेंबर 1972 मध्ये अमेरिकेत विक्रीस आले आणि 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. वादी आणि प्रतिवादी असे जवळजवळ एकाच मुहूर्तावर अवतरले, जरी आपल्या बैठकीत त्यांची गाठ पडायला पुढे सुमारे वीस वर्षे जावी लागली.

तोवर आपल्याकडे संचाचा मान देवघराच्या खालोखाल होता. त्यासाठी पोस्टातून परवाना काढावा लागे. लाकडी पेटीला सरकत्या झडपा असत, कित्येकींना कुलूपही. आणि किल्ली ज्याच्या हाती, त्याची मर्जी हीच सनद. 1987 साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले, तेव्हा तर त्या पेटीसमोर उदबत्तीही लावली गेली.

अशा दरबारात 1990 नंतर जपानी ‘फॅमिकॉम’ या खेळयंत्राच्या ‘समुराई’, ‘मीडिया’ इत्यादी नकला शिरल्या. संचामागे अँटेनाच्या तारेत एक लहानशी डबी बसे. तिची कळ एकीकडे सरकवली की बातम्या, दुसरीकडे सरकवली की मारिओ. वाटणीचा एवढा सुबक दस्तऐवज कोणत्याही मामलेदार कचेरीत निघाला नसेल. मात्र वहिवाट निराळी होती: क्रिकेटचा सामना, संध्याकाळच्या बातम्या आणि आईची मालिका यांतून जे उरे ते मुलांचे, म्हणजे बहुधा दुपारी, वडीलधारी मंडळी निजलेली असताना, आवाज बंद करून. खेळाने पिक्चर ट्यूब जाते, हा वडिलांचा ठेवणीतला हुकूम. स्थिर चित्राचा डाग काचेवर कायम राहू शकतो एवढे त्यात तथ्य होते, पण त्याचा उच्चार नेमका बातम्यांच्या वेळीच होई.

खरा तंटा मात्र हक्कापेक्षा मुदतीचा होता. ‘आई, पाचच मिनिटं’ ही विनवणी घरोघरी लबाडी समजली गेली, आणि माझ्या मते हा त्या काळातील मुलांवर झालेला मोठाच अन्याय होय. कारण ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ काय किंवा ‘कॉन्ट्रा’ काय, त्या कॅसेटींना स्मरणच नव्हते. वीज तोडली की तासाभराची कमाई जप्त होऊन पुनश्च पहिल्या पायरीपासून आरंभ. मालिका जशी अर्ध्यावर सोडता येत नाही, तसाच तो डावही सोडता येत नसे. फरक इतकाच की मालिकेची वेळ वर्तमानपत्रात छापून येई आणि डावाची येत नसे.

यावर मुलांनीच एक तह शोधून काढला. खेळ जागच्या जागी थोपवून ठेवायचा आणि वीज न तोडता फक्त मागची कळ अँटेनाकडे सरकवायची. पुढे बातमीदार शांतपणे पर्जन्यमान सांगत असे आणि मागे, कोणाला न दिसता, मारिओ अधांतरी उडीत ताटकळत असे. हा तह बहुधा मालिका संपेपर्यंत टिके. मग आजी दिवेलागणीचे आवरताना तापलेल्या अडॅप्टरला हात लावून पाही, आणि भिंतीवरचा खटका बंद करी.