दुबळ्या सिलिंडरचें गुपित



मोटारीच्या फलकावर इंजिनाचें चित्र असलेला पिवळा दिवा लागावा, मिस्त्रीनें आपलें वाचनयंत्र गाडीस जोडावें, आणि त्यावर ‘पी ०२६९’ हा संकेतांक उमटावा, म्हणजे समजावयाचें कीं, तिसरा सिलिंडर आपल्या वांट्याचें काम पुरतें करीत नाहीं. बंद इंजिनाच्या पोटांतला दुबळेपणा असा नेमका सांगतां येणें ही आज नित्याची गोष्ट झाली आहे. परंतु या चार आंकड्यांमागें दोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आणि तो केवळ यंत्रविद्येचा नसून, यंत्राचें गुपित कोणाच्या हातीं असावें या प्रश्नाचाहि आहे.

या इतिहासाचा आरंभ वाफेच्या इंजिनापासून करावा लागतो. बर्मिंगहॅमजवळ सोहो येथें बोल्टन आणि वॅट यांचा कारखाना होता. जुन्या इंजिनाच्या मानानें त्यांच्या इंजिनांत जो कोळसा वांचे, त्याच्या किंमतीचा तिसरा हिस्सा ते खाणवाल्यांकडून घेत. तेव्हां सिलिंडरच्या आंत काय घडतें हें कळणें त्यांस अगत्याचें होतें. जेम्स वॅटनें वाफेचा दाब दाखविणारें एक लहान यंत्र केलें. १७९६ च्या सुमारास त्याचा सहायक जॉन सदर्न यानें त्याला पेन्सिल व सरकती पाटी जोडली. दट्ट्या सरकला कीं दाबाची आकृति कागदावर आपोआप निघे. वैद्य जशी नाडी पाहतो, तशी ही आकृति पाहून इंजिनाची प्रकृति ओळखतां येई. परंतु कारखान्यानें ही युक्ति बरींच वर्षें बाहेर फुटूं दिली नाहीं. १८२० नंतर तिचें वर्णन छापून निघालें, तेव्हां कोठें ती इतर यंत्रज्ञांस कळली.

१८७६ सालीं निकोलाउस ऑटो यानें चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें. पुढें मोटारींत चार, सहा, आठ सिलिंडर आले आणि एक नवीच अडचण उभी राहिली. एकटा सिलिंडर थकला तर इंजिन थांबतें. परंतु चौघांतला एक थकला, तर उरलेले तिघे त्याचा भार ओढतात व दोष झांकला जातो. त्यावर मिस्त्र्यांनीं साधा उपाय काढला. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची ठिणगी तोडावयाची. निरोगी सिलिंडर बंद केला कीं इंजिन मंदावतें. जो बंद केल्यानें कांहींच फरक पडत नाहीं, तोच दुबळा. डिझेल इंजिनांत हीच परीक्षा इंजेक्टरच्या नळीचें नट सैल करून घेत. हें ज्ञान कानांत आणि हातांत वसलेलें होतें.

पुढचें वळण मिळालें तें लॉस एंजेलिसच्या धुरकटलेल्या आकाशामुळें. तेथील डोळे झोंबविणारें धुरकें मुख्यतः मोटारींच्या धुरांतील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतें, हें एरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानें १९५० नंतर लवकरच दाखवून दिलें. १९७५ पासून अमेरिकेंतील नव्या मोटारींच्या धुराड्यांत धूर शुद्ध करणारा डबा बसूं लागला. पण सिलिंडरनें न जाळलेलें पेट्रोल या डब्यांत जाऊन जळलें, तर तो अतिशय तापून निकामी होतो. म्हणजे एका सिलिंडरचा दुबळेपणा हें आतां केवळ मालकाचें दुखणें राहिलें नाहीं. गांवाच्या श्वासाशीं त्याचा संबंध आला.

याच काळांत मोटारींत संगणक आले. १९८१ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत दिव्याची उघडझांप मोजून दोष ओळखीत. परंतु प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा निराळी, जोडणीहि निराळी. वॅटचेंच गुपित नव्या वेषांत! हें गुपित कायद्यानें फोडलें. कॅलिफोर्नियानें १९८८ च्या गाड्यांपासून स्वयंपरीक्षा सक्तीची केली, आणि १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींस सोळा टोंकांची एकच जोडणी व एकच संकेतभाषा आली. भारतांत ही व्यवस्था २०१० पासून टप्प्याटप्प्यानें रूढ झाली.

संगणकाला दुबळा सिलिंडर ओळखतां येतो तो कसा? चार सिलिंडरच्या इंजिनांत दांडा दोन वेळां फिरतो तोंवर त्यास चार धक्के मिळतात, म्हणजे अर्ध्या फेऱ्यास एक. दांड्यावरील दांतेरी चाकाजवळ एक संवेदक असतो. तो प्रत्येक अर्ध्या फेऱ्याचा वेळ मोजतो. जेथें धक्का कमी, तेथें वेळ अधिक. पूर्वीं मिस्त्रीचा कान जें करी, तेंच येथें अखंड चालतें.

मात्र संकेतांक रोग्याचें नांव सांगतो, रोगाचें नव्हे. इंजेक्टर तुंबला, तार तुटली, झडप नीट बसेना किंवा दट्ट्याच्या रिंगा झिजल्या, तरी आंकडा तोच येऊं शकतो. म्हणून जाणता मिस्त्री तिसऱ्याचा इंजेक्टर दुसऱ्यास लावून पाहतो. संकेतांक ‘०२६६’ झाला, तर दोषहि इंजेक्टरबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला असें ठरतें. तो तिसऱ्यावरच राहिला, तर कॉम्प्रेशन मोजावें लागतें. एवढी परीक्षा न करतां केवळ आंकडा वाचून जो नवे भाग बसवितो, तो गिऱ्हाइकाचा पैसा व्यर्थ घालवितो.

२०१२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनीं मोठ्या बहुमतानें असा कौल दिला कीं, दुरुस्तीची माहिती गाडीच्या मालकास व कोणत्याहि गॅरेजास मिळालीच पाहिजे. सोहोच्या कुलुपांत राहिलेलें ज्ञान अशा रीतीनें लोकांच्या हातीं आलें. परंतु आंकडा हातीं आला तरी परीक्षेचें काम संपत नाहीं. तेथून पुढें मिस्त्रीची पारख लागते, आणि ती कोणत्याहि कायद्यानें देतां येत नाहीं.