आत्याच्या मागोमाग

आमची आत्या लग्न होऊन भोपाळला गेली 1969 साली. युनियन कार्बाइडचा कारखानाही तिथं त्याच वर्षी आला. तिचे यजमान रेल्वेत, घर स्टेशनच्या अंगाला. कारखान्यात चिकटलेला मुलगा म्हणजे हातोहात खपणारं स्थळ, असं ती सांगते. गल्लीतला एकजण तिथं ऑपरेटर होता. गॅस गळतोय हे कळायला आम्हाला यंत्र लागत नाही, डोळे चुरचुरले की समजायचं, असं तो ऐटीत सांगायचा आणि ओट्यावरची मंडळी हसायची. पुढं चौकशीत हेच कागदावर आलं : गळती ओळखायची ती कामगारांच्या डोळ्यांना पाणी आलं की. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकारानं 1982 पासून धोक्याबद्दल लिहिलं होतं. ते वाचून घाबरलेला माणूस आत्याच्या ओळखीत तरी कुणी नव्हता.

2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्रीनंतर तिला खोकल्याची उबळ आली. शेजारी कुणी मिरच्या जाळल्या, असं वाटून तिनं खिडकी लावली. गल्लीत पळापळ सुरू झाली तेव्हा सासरे जिन्यात आडवे उभे राहिले. कुणी खाली उतरायचं नाही, माडीवर चला, आणि बादलीत भिजवलेले पंचे तोंडावर धरा. त्यांना रसायनशास्त्र काय ठाऊक! धूर म्हटला की ओलं फडकं, एवढीच त्यांची विद्या. पण त्या रात्री कारखान्यातून सुटलेला वायू, मिथाइल आयसोसायनेट, हवेच्या जवळजवळ दुप्पट जड, ते जमिनीलगत सरपटतं आणि पाण्याशी त्याची प्रक्रिया होते. म्हातारा दोन्ही बाबतींत बरोबर निघाला. खाली जे पळाले, त्यातले कितीतरी वारा जात होता त्याच दिशेनं पळाले. कारखान्याचा बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला होता. ओल्या फडक्याची गोष्ट त्या भोंग्याबरोबर कुणी ओरडून सांगितली असती तर? आत्या हे विचारत नाही, मी विचारतो. ती फक्त सासऱ्यांचे पंचे कुठल्या रंगाचे होते ते सांगते.

आता ती इंदूरजवळ राऊला मुलाकडं असते. आणि 2 जानेवारी 2025 ला सकाळी टीव्हीवर कारखान्याच्या कचऱ्याचे बारा कंटेनर राऊजवळच्या पीथमपुरात शिरताना दिसले. ‘‘बघ, माझ्या मागोमाग आला की रे हा!’’ तिचा स्वर माहेरच्या नको असलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसा.

कारखान्याच्या आवारात चाळीस वर्षं पडून असलेला हा 337 टन कचरा. त्याला दार उघडायला कुणी तयार नव्हतं. अंकलेश्वरला न्यायचं ठरलं तर गुजरातनं हात वर केले. नागपूरजवळ बोरखेडीला जाळायची गोष्ट निघाली, तेव्हा महाराष्ट्र आडवा आला. आमची नागपूरची वहिनी तेव्हा फोनवर म्हणाली होती, तुमचं तुमच्यापाशीच ठेवा. 2012 मध्ये जर्मनीला न्यायची बोलणी झाली, तीही फिसकटली. अखेर डिसेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयानं चार आठवड्यांची मुदत घातली, तेव्हा कुठं पोती हलली. भरणारे शंभरेक मजूर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीनं काम करत होते. पीथमपुरात मात्र दगडफेक झाली, दोघांनी स्वतःला पेटवून घेतलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस पीथमपुरातल्या भट्टीत कचरा जाळायची चाचणी सुरू झाली. आधी तासाला 135 किलो, मग 180, मग 270. धुराड्यातून निघणारे धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड असे आकडे सतत नोंदले जात होते, आसपासच्या वस्तीतली हवाही मोजली जात होती. आत्याचा नातू रोज संध्याकाळी मोबाइलवर हवेचा आकडा काढून तिला दाखवायचा. ती डोळे मिचकावून बघायची आणि म्हणायची, चुरचुरत नाहीत, म्हणजे ठीक असेल.

इथं मी आत्याशी वाद घातला, आणि अजूनही घालतो. क्लोरीन असलेला कचरा अर्धवट जळला तर डायऑक्सिन निघतात. त्यांना वास नाही, त्यांनी डोळे चुरचुरत नाहीत. म्हणून भट्टीच्या दुसऱ्या कक्षात अकराशे अंशांच्या वर आंच राखावी लागते. त्यांची मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम. आणि हे मोबाइलवर दिसत नाही! धुराड्यातून तासन्‌तास नमुना ओढायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, उत्तराची वाट बघायची. तोवर धूर कुठल्या कुठं गेलेला असतो. नातवाचा आकडा खोटा नव्हता. पण ज्या गोष्टीची भीती होती, ती त्यात नव्हतीच. प्रदूषण नियंत्रण मंडळानं अहवाल दिला की सगळं मर्यादेत आहे. भट्टीलगतच्या तारपुरा गावच्या लोकांना तो पटला नाही. चाळीस वर्षांपूर्वी भोंगा बंद करणाऱ्यांनीही सगळं ठीक आहे असंच म्हटलं होतं, तेव्हा या गावकऱ्यांना दोष कसा द्यायचा?

जूनअखेर शेवटचं पोतं जळलं. भोपाळला मात्र जमीन आहे तिथंच आहे : 2010 मध्ये नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनं तिथली दूषित माती अकरा लाख टन धरली होती. पीथमपुरात उरली सुमारे 900 टन राख.

‘‘नऊशे? तीनशेची राख नऊशे कशी होते? आमच्या चुलीत मण लाकूड घातलं तर सूपभर राख निघायची.’’

आम्ल मारायला चुना घालतात, तो धरून एवढी होते, असं मी समजावलं. ‘‘मग ती ठेवणार कुठं?’’ प्लास्टिकच्या अस्तराच्या खड्ड्यात, वरून झाकून. तिनं नातवाकडं वळून विचारलं, त्या खड्ड्याचा आकडा दिसतो का रे तुझ्या फोनमध्ये?