लाखेचा रंग आणि देवळातला चौरंग

जीर्णोद्धारासाठी देवळातील जुने लाकडी सामान बाहेर काढले, तेव्हा कित्येक ग्रामस्थांनी एक गोष्ट पाहिली असेल. चौरंगाच्या पायावरील हिरव्या ऑइलपेंटचा पोपडा निघाला आणि खाली लालभडक, काचेसारखा तुळतुळीत रंग दिसला. तो रंग लाखेचा. आपल्या भागात असे काम दिसले की सावंतवाडीची आठवण होणारच.

सावंतवाडीची चितारआळी लाकडी फळे, भातुकली, पाट, चौरंग यांसाठी प्रसिद्ध आहे. फळांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरीत. चितारी मंडळी गंजिफाही रंगवीत. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराची १२ याप्रमाणे १२० पाने असतात. ही कला मागे पडू लागली, तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिला पुन्हा उभारी दिली. राणीसाहेब २०१८ साली निवर्तल्या.

आता कृतीविषयी. लाख हा झाडाचा डिंक नव्हे. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर राहणारा बारीक किडा ती तयार करतो. लाख धुऊन, वितळवून, तीत रंगाची पूड मळून कांड्या करतात. कातीव पाय साच्यावर गरगर फिरत असता कांडी त्यावर दाबून धरावयाची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने दाबून घासले की आरशासारखी झळाळी येते. येथे ब्रशचे काम नाही, वाळण्याची वाट पाहणेही नाही. सपाट फळी मात्र साच्यावर फिरवता येत नाही. ती रंगवून वर लाखेचे रोगण देतात.

जुने रंग म्हणजे हिंगूळ, हरताळ, शेंदूर, नीळ, काजळ. जुने ते सगळेच निर्धोक, असे मात्र कोणी समजू नये. हिंगुळात पारा, हरताळात सोमल, शेंदरात शिसे! म्हणून जुना रंग घासताना उडणारी धूळ पोटात जाऊ देऊ नये आणि मुलांना जवळ बसवू नये. ऑइलपेंटही पूर्वी शिशाचा असे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगांत दहा लाखांत ९० भागांहून अधिक शिसे ठेवण्यास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे.

लाखेला पाण्यापेक्षा सोड्याचे भय अधिक. उत्सवाआधी चौरंग धुण्याच्या सोड्याने खसखसून धुण्याची आपली पद्धत आहे, आणि लाख सोड्यात विरघळते. स्पिरिटनेही तेच होते. भांडे गरम असेल तर डाग उमटतो. म्हणजे आपल्याच भक्तिभावाने तो रंग गेला, आणि मग ऑइलपेंट आला.

चारांपैकी तीन पायांवर जुनी लाख बरीच शाबूत आहे. पुन्हा ऑइलपेंट द्यावा, उत्सवात चकाकेल, असे काहींचे म्हणणे आहे. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. चौथा पाय सावंतवाडीच्या कारागिराकडून लाख चढवून घ्यावा, बाकीचे तीन ओल्या फडक्याने पुसून तसेच ठेवावे. अडचण एवढीच, की रंगकामाची देणगी ऑइलपेंटसाठी म्हणून आलेली आहे. ती लाखेसाठी वापरण्यास संबंधित देणगीदारांनी संमती द्यावी, अशी त्यांना नम्र विनंती आहे. तोपर्यंत चौरंग भांडारात कापडाखाली ठेवला आहे.